बिभीषणदादाचा फोटो

अजिनाथनं सायकल घेतली तेव्हा सरिताला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं होतं की चार दिवसांत ती गॅलरीत धूळ खात पडणार. जिमचं तसंच झालं होतं, योगाच्या चटईचंही. पण या वेळी नवरा टिकला. वाळूजच्या एका कारखान्यात तो क्वालिटी विभागाचा साहेब. पंचेचाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, रक्तात साखर निघालेली. तो पहाटे उठून हेल्मेट चढवायचा आणि निघायचा. सुरुवातीला शरणापूर फाट्यापर्यंतच जीव घाबराघुबरा व्हायचा. नंतर दौलताबाद गाठता यायला लागलं आणि दिवाळीच्या सुमारास किल्ल्यापुढचा खुलताबादचा घाटही तो न उतरता चढला. वर पोचल्यावर रस्त्याकडेला सीताफळं विकणाऱ्या बाईनं त्याच्याकडं बघून आपणहून पाण्याची बाटली पुढं केली, इतका तो धापा टाकत होता. पण चढला.

ग्रुपचं नाव 'पहाट'. तनुजा मॅडम त्याच्या प्रमुख. पेशानं फिजिओथेरपिस्ट, बोलणं मोजकं, सायकल मात्र वाऱ्यासारखी. दर हिवाळ्यात हा ग्रुप लांबची सहल काढायचा आणि सहलीला जोडून एखादं काम हाती घ्यायचा. यंदा संभाजीनगरहून निघून ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचं, दिवेआगरला समुद्राकाठी दोन दिवस आराम करायचा, असं ठरलं होतं. अपघातात पाय गेलेल्यांना कृत्रिम पाय मिळावेत म्हणून प्रत्येकानं आपल्या ओळखीपाळखीत आवाहन करायचं आणि मदत गोळा करायची.

तयारी जोरात होती. चेन कशी साफ करायची, पंक्चर कसं काढायचं, चढाला कोणता गिअर टाकायचा, हे सगळं अजिनाथ शाळकरी पोरासारखा शिकत होता. गुलमंडीतून त्यानं लोकरीचे मोजे आणले. गादी लावलेली ती सायकलची चड्डी घालून पहिल्यांदा घरात फिरला तेव्हा सरिता हसून हसून सोफ्यावर बसली. त्यालाही हसू आलं. फार दिवसांनी तो स्वतःवर खुश होता.

अडलं ते आवाहनापाशी. ज्यांना ज्यांना त्यानं मेसेज पाठवले, त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि गप्प बसले. एका साडूनं तर सरळ विचारलं, "तुम्ही समुद्र बघायला जाणार, मग आम्ही कशापायी द्यायचं?" ग्रुपमधला राजकुमार बांधकामाच्या धंद्यातला, त्याच्या एका शब्दावर लोक मदत करत. ग्रुपवर दर आठवड्याला कोणाला किती प्रतिसाद मिळाला ते जाहीर व्हायचं आणि अजिनाथचं नाव तळाशी असायचं. कोणी टोकत नव्हतं. पण अजिनाथला ते टोचायचं. लहानपणी वर्गात शेवटच्या बाकावर बसल्यागत वाटायचं.

एकदा घाट उतरून चहाला थांबल्यावर तनुजा मॅडम म्हणाल्या, "अजिनाथ सर, लोक संस्थेला देत नाहीत, माणसाला देतात. तुमच्या ओळखीत कोणी आहे का, ज्याचा पाय गेलाय?"

"माझा सख्खा भाऊ आहे," अजिनाथ म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. इतक्या वर्षांत शहरात त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. भाऊ मेंढरं राखतो, हेही सांगितलं नव्हतं.

बिभीषण त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. पाचोडजवळच्या वस्तीवर राहायचा. वडिलांमागं मेंढरं त्यानंच सांभाळली. अजिनाथ डिप्लोमाला होता तेव्हा बीड रोडवर कळप रस्ता ओलांडताना एक ट्रक आत घुसला. मेंढरं गेली आणि बिभीषणचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. घाटी दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यानं अजिनाथला सांगितलं होतं, "तू इथं बसू नको. तुझा पेपर हाय ना उद्या? जा." पुढं वर्षभरात त्यानं रबरी पाय बसवून घेतला, आणि तेव्हापासून तो पाय लावून रोज मेंढरांमागं हिंडत होता. पाय जुना झाला की बदलून घ्यायचा. पॅन्ट घातलेली असली की नवख्याला कळतही नसे. चालताना जरा एका अंगाला झुकायचा, एवढंच.

पुढच्याच रविवारी अजिनाथ वस्तीवर गेला. बिभीषण नुकताच रानातून आला होता.

"दादा, पाय जुना झाला का रं तुझा?"

"झालाय की. कडंला घासतो. चालतंय."

"नवीन बघू. आमच्या सायकलवाल्यांची वळख हाय डॉक्टरची. पण फोटो लागंल. पाय काढून."

बिभीषणनं आधी बाहेर कोणी नाही ना ते बघितलं. मग उठून त्यानं दार लोटून घेतलं, बाजेवर बसला आणि पॅन्ट वर गुंडाळून पट्टे सोडले. पाय बाजेखाली सरकवला. अजिनाथनं मोबाईल उचलला तसा बिभीषण सवयीनं हसला. फोटो म्हटला की तो हसायचाच.

"हसू नको दादा. जरा गंभीर बस. तिकडं, दाराकडं बघ."

बिभीषण दाराकडं बघत बसला. फिकट उजेडात, बाजेवर, एक पाय नसलेला, दाराकडं डोळे लावून बसलेला माणूस. फोटो फार चांगला आला.

डॉक्टरला दाखवायचं अजिनाथच्या मनात अगदी नव्हतं असं नाही. दोन्ही कामं होतील, असं तो स्वतःला सांगत होता. पण घरी आल्यावर त्यानं आधी आवाहन लिहायला घेतलं. "माझा मोठा भाऊ बिभीषण," त्यानं लिहिलं, "अपघातानंतर घराचा उंबरठा ओलांडू शकला नाही. त्याचं जग बाजेपुरतं उरलं आहे." लिहिताना त्याचेच डोळे पाणावले. आपण खोटं लिहितोय हे त्याला कळत होतं, पण वाक्य इतकं चांगलं उतरलं होतं की खोडवेना. सरितानं वाचलं आणि म्हणाली, "अहो, दादा तर रोज रानात जातात." तो म्हणाला, "अगं, अशा गोष्टी थोड्या वाढवून लिहाव्या लागतात."

आवाहन पसरलं. ज्यांनी नुसता अंगठा पाठवला होता तेही धावून आले. ओळखीचे नसलेल्यांचेही फोन यायला लागले. दोन आठवड्यांत अजिनाथचं नाव तळातून उठून सगळ्यांच्या वर गेलं. कारखान्यात मोठ्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तुझा आम्हाला अभिमान वाटतो. डॉक्टरला फोटो दाखवायचं मात्र राहून गेलं. आज करू, उद्या करू, आधी सायकलचं टायर बदलू.

निघण्याच्या आदल्या रविवारी सकाळी जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. नव्या जर्सी वाटायच्या होत्या, मदत करणाऱ्यांना बोलावलं होतं. अजिनाथ सरितासोबत गेला. स्टेजवर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर बाजेवरचा बिभीषण, पुरुषभर उंच, दाराकडं बघत होता. खाली तेच वाक्य. सरितानं तो बघितला आणि मागच्या ओळीत जाऊन बसली.

"तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे," तनुजा मॅडम म्हणाल्या. त्या क्वचित हसायच्या, आज हसत होत्या. "तुमच्या भावाला आणायला गाडी पाठवलीय. पाचोडच्या एका मेडिकलवाल्याकडून नंबर मिळवला. झेंडा त्यांच्याच हातानं दाखवायचा."

दारात दोन कार्यकर्ते व्हीलचेअर घेऊन उभे होते. अजिनाथला ती तेव्हा दिसली. फोन करून दादाला परत फिरवावं, असं मनात आलं, तेवढ्यात गाडी फाटकातून आत आलीच.

पुढच्या दारातून बिभीषण उतरला. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, डोक्याला नवा पटका. मागून सखूबाई वहिनी लग्नाला नेसायचं लुगडं नेसून उतरल्या. बिभीषणच्या काखेत एक नवं घोंगडं होतं. तो आपल्या नेहमीच्या चालीनं, एका अंगाला झुकत, पायऱ्या चढून वर आला. व्हीलचेअरवाले त्याला न ओळखता मागं गाडीकडंच बघत राहिले.

"ताई, डॉक्टर कोणते?" बिभीषणनं तनुजा मॅडमला विचारलं. "हे घोंगडं त्यांच्यासाठी आणलंय. घरच्या लोकरीचं हाय."

अजिनाथला उलगडा झाला. गाडी पाठवतोय, या, असा फोन आल्यावर दोघांना वाटलं होतं की नवा पाय तयार झाला.

"तुम्ही... बिभीषणभाऊ?" मॅडम म्हणाल्या.

"व्हय."

मॅडमनी एकदा त्याच्या पायांकडं बघितलं, मग अजिनाथकडं. बिभीषणची नजर तोवर स्टेजवर गेली होती. तो जागीच थांबला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, वाचताना ओठ हलवायचा. ओठ हलले. उंबरठा या शब्दाशी ते अडले, मग पुढं सरकले. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्यानं हळूच हात खाली नेऊन डाव्या मांडीवरची पॅन्ट नीट केली, जणू ती वर सरकली होती.

राजकुमार जवळ आला होता. त्यानं मोठ्यानं विचारलं, "अरे, म्हणजे काका चालतात? सर, आपण तर लिहिलं होतं की..."

आजूबाजूचे दहा-पंधरा लोक वळले. आता बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. तो नव्या जर्सीची घडी हातात धरून उभा राहिला.

बिभीषणनं भावाकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, प्रश्नही नव्हता. रानात कोकरू काट्यात अडकलं की आधी ते कुठं अडकलंय हे बघतात, तसं त्यानं बघितलं. मग राजकुमारला म्हणाला, "आज जरा बरं हाय म्हून आलो. नायतर बाजंवरच असतो."

आणि तो वळून, दोन पावलं जाऊन, त्या व्हीलचेअरमध्ये बसला. घोंगडं मांडीवर ठेवलं.

कार्यकर्त्यांनी त्याला ढकलत पुढं नेलं. लोक उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या. त्याच्या हातात झेंडा दिला, त्यानं तो हलवला. फोटोवाल्यानं हसा म्हटलं तरी तो हसला नाही. माइकवरून कोणीतरी अजिनाथचं नाव घेतलं, त्यालाही टाळ्या झाल्या. तो स्टेजवर गेला, खुर्चीमागं उभा राहिला, भावाच्या खांद्यावर हात ठेव म्हटल्यावर ठेवलाही. हाताखालचा खांदा दगडासारखा झाला होता. सखूबाई कार्यालयात थांबल्याच नाहीत. फाटकाजवळच्या कट्ट्यावर, उन्हात, रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या.

परत सोडायला अजिनाथ स्वतःची गाडी घेऊन निघाला. सरिता रिक्षानं घरी गेली. बीड बायपास सुटला, चित्तेपिंपळगाव गेलं. आडूळच्या पुढं बिभीषण म्हणाला, "डॉक्टरला दाखवला नाय ना फोटू?"

"नाय."

"आसं."

थोड्या वेळानं पुन्हा, "लोकांनी दिलं ते कुणाच्या तरी पायाला लागंल का?"

"लागंल दादा. ते खरंय."

"मग झालं."

"झालं कसं?" मागून सखूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "भावजी, ह्या माणसानं पोरांम्होरं कधी पाय काढला नाय. सोयऱ्यांच्यात गेले तर रातभर पाय लावून निजतात, सकाळी जखम दिसती. तुमच्याम्होरं काढला. तुम्ही तो गावाला दाखवला."

"सखू, गप," बिभीषण म्हणाला.

"मी गपच हाय. आन् तुम्ही कामून बसला त्या ढकलगाड्यात?"

बिभीषण खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मंग काय करायचं व्हतं? एवढ्या लोकांत त्याला उघडं पाडायचं?"

अजिनाथला समोरचा रस्ता दिसेनासा झाला. त्यानं गाडी कडेला घेतली. मागून ट्रक हॉर्न देत गेले. "दादा, चुकलं माझं," तो म्हणाला. शब्द इतके हलके वाटले की म्हटले नसते तर बरं, असं त्याला झालं. बिभीषण म्हणाला, "चल, मेंढरं कोंडून ठिवलीत सकाळधरनं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाण्याआधी अजिनाथ तनुजा मॅडमच्या क्लिनिकवर गेला आणि सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. "मला कालच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "रोज हिंडणाऱ्याची चाल मला कळते. पण ते स्वतः खुर्चीत बसले, मग मी काय बोलणार? मला वाटलं, तुम्ही बोलाल."

"हो."

"तुम्ही बोलला नाहीत."

"नाही."

मॅडमनी त्याच दिवशी सगळ्यांना कळवलं की मजकूर खरा नव्हता, ज्यांना मदत परत हवी असेल त्यांनी सांगावं. अजिनाथचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. त्यानं खाली स्वतःच लिहिलं की हे मी केलं, मॅडमना माहीत नव्हतं. एकाची बोलणी खावी लागली, दोघांनी मदत परत मागितली, बाकीचे गप्प राहिले. राजकुमारनं फोन करून सांगितलं, "सर, इतना टेन्शन मत लो. सगळेच थोडं वाढवून लिहितात. ट्रिप झाल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं." शिव्या खाल्ल्यानं जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं या समजुतीनं वाटलं. तीन आठवड्यांपूर्वी हेच वाक्य त्यानं सरिताला ऐकवलं होतं.

सहलीतून त्यानं नाव काढून घेतलं. मॅडम थांबवायलाही आल्या नाहीत आणि बरं केलंत असंही म्हणाल्या नाहीत. कारखान्यातली रजा मात्र मंजूर झालेली होती. ग्रुप पहाटे निघाला त्या दिवशी अजिनाथ वस्तीवर गेला आणि बिभीषणला पाय बसवण्याच्या केंद्रात घेऊन आला. तिथल्या माणसानं जुना पाय काढायला सांगितल्यावर अजिनाथ आपणहून बाहेर जाऊन बाकावर बसला. आतून बोलावणं आलं तेव्हा समजलं की घासून घासून जखम खोल गेलीय. ती भरेपर्यंत पाय लावायचा नाही, मग माप घेऊ. म्हणजे बिभीषणला आता खरोखरच बाजेवर बसावं लागणार होतं.

"मेंढरांचं काय?" वस्तीवर परत आल्यावर सखूबाईंनी विचारलं.

"मी नेतो," अजिनाथ म्हणाला.

त्यानं दहावीनंतर मेंढरांना हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी कळप त्याला जुमानेना. हाक त्याच्या तोंडून शहरी निघत होती आणि मेंढरं वळून बिभीषणच्या घराकडं बघत होती. एक कोकरू ओढ्यात उतरलं, ते काढता काढता त्याचे महागाचे बूट चिखलात गेले. शेजारच्या वस्तीचा कडुबा, बिभीषणच्या बरोबरीचा धनगर, बांधावरून म्हणाला, "तूच का तो, भावाला बाजंवर बसवणारा? परवा पाचोडच्या बाजारात दाखवत व्हते फोटू. बिभीषण हसण्यावारी न्यायला गेला, पण बाजार न करताच परत आला."

अजिनाथनं मान खाली घालून ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली बसल्यावर त्यानं मोबाईल उघडला. ताम्हिणीच्या वळणावर सगळे एका ओळीत उभे होते, त्याच जर्सीत. तनुजा मॅडम कडेला. हेवा वाटेल असं त्याला वाटलं होतं, तो वाटला नाही. आपण जाणं सोडून दिलं म्हणजे काही फेडलं, असं जे मनात कुठंतरी धरून बसलो होतो, तेच त्याला लाजिरवाणं वाटलं. त्यानं मोबाईल खिशात टाकला. मेंढरं पांगत होती.

संध्याकाळी तो घरात शिरला तेव्हा बिभीषण बाजेवर होता, जखमेला मलम लावत होता. अजिनाथची चाहूल लागताच त्यानं चादर ओढून पाय झाकून घेतला. मुद्दाम नाही, सहज. मग म्हणाला, "किती पाजलं पाणी? उनात पाजू नको म्हणलं व्हतं मी." अजिनाथ बाजेकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसला आणि कुठल्या विहिरीवर पाजलं ते सांगायला लागला.

असे दिवस गेले. हळूहळू मेंढरं त्याच्या हाकेला वळायला लागली. बिभीषण रोज संध्याकाळी रान विचारायचा, कोणतं कोकरू लंगडतंय ते विचारायचा, पूर्वीसारखंच बोलायचा. फक्त चादर पूर्वी नसायची. फोटोबद्दल तो पुन्हा एकदाही बोलला नाही. सखूबाई अजिनाथपुढं ताट ठेवायच्या, भाकरी हवी का हे हातानंच विचारायच्या. सरिता एकदा येऊन गेली. तिच्याशी त्या पोटभर बोलल्या.

जखम भरली, माप घेऊन झालं. रजा संपायच्या आदल्या सकाळी अजिनाथ काठी घेऊन निघताना सखूबाई ओट्यावर पीठ चाळत होत्या. चाळणी न थांबवता त्या म्हणाल्या, "पाय यायला अजून आठ दिवस हायेत म्हणं. तवर कोण नेणार मेंढरं?"

"रजा वाढवून मागतो वैनी."

"देतील का?"

"न देऊन काय करतील. बिनपगारी घेईन."

त्यांनी चाळणी बाजूला ठेवली, आत जाऊन फडक्यात बांधलेली भाकरी आणली आणि त्याच्या हातात न देता ओट्यावर, त्याच्या बाजूला ठेवली. "मिरची जरा तिखट झालीय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पिठाकडं वळल्या. अजिनाथनं भाकरी उचलली आणि मेंढरांच्या वाड्याचं फाटक उघडलं.